उराशी धरायचे कुणी

सांगली, ९ जानेवारी

ती. आक्कांच्या चरणी मंगलचा शि. सा. न. वि. वि.,

तुमचे पार्सल काल एस.टी.ने पोचले. डिंकाचे लाडू, दोन कुंच्या, जायफळ आणि तुपाचा डबा मिळाला. झाकण वाटेत सैल होऊन कुंच्यांना तूप लागले, आणि पिशवी उतरवायचे हमालाने वीस रुपये घेतले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, इथे ओरडून बोलले की सिस्टर हाकलतात, म्हणून लिहिते.

नात दीड महिना आधीच आली. मुठीएवढी आहे. सुनेचा, रेश्माचा, रक्तदाब उतरत नाही, तिला वरच्या वॉर्डात ठेवले आहे. मला खोकला, म्हणून बाळाच्या खोलीच्या दारातच अडवतात. राहिला आपला ऋषिराज, पलटणीतून रजा काढून आलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे अंग सारखे गार पडते, वजन धरत नाही, तेव्हा उबेच्या काचपेटीतून काढून बापानेच उघड्या छातीशी घेऊन बसायचे. पेटीवर तशी इंग्रजी पाटीच लावली आहे, कडल म्हणून.

मी घरी येऊन कोशात पाहिले. कवटाळणे, कुशीत घेणे, मायेने उराशी धरणे. अर्फा सिस्टरला विचारले की मिठी मारणे का? ती म्हणाली, मिठी मारून माणूस सोडतो मावशी, हे धरून बसायचे, सोडायचे नाही. आता यात न कळण्यासारखे काय आहे? पण तुमचे बंधू काचेबाहेर बाकावर सकाळपासून ठाण मांडून बसतात, नातीवर लक्ष ठेवतो म्हणतात. आणि घरच्या रीतीप्रमाणे वडिलांसमोर, आबांसमोर, आपले लेकरू कसे घ्यायचे म्हणून आमचा जवान भिंतीला चिकटून उभा! बर्फात पहारा देतो, आणि इथे त्याला घाम फुटतो. आबा उठले की घेतो म्हणतो. आबा उठत नाहीत.

यांना बोलले, तर म्हणाले, मी काय त्याचे हात बांधलेत? मी तरी त्याला माझ्या वडलांपुढं कवा घेतलं होतं, वाढलाच की. कोश दाखवला, तर त्यातले उदाहरणाचे वाक्य वाचून मलाच म्हणतात, बघ, इथंपण आईच लिवलीय, बाप न्हाई. देवापुढे दिवा लावून हात जोडते, पण देव काही येऊन ऋषीचा सदरा काढणार नाही. परवापासून पोरीचे वजन उतरते आहे, आक्का. हे तुमच्याशिवाय कुणाचे ऐकत नाहीत. रीत मोडते का, तेही तुम्हीच सांगा. मोडत असेल तर पाप माझ्या माथी.

माया आहेच, ती थोडी इकडे पाठवा.
तुमची मंगल

वाई, १२ जानेवारी

चि. सौ. मंगलला साळूबाईचा आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. मॅट्रिक झालीस आन् लेकराला उराशी धरू का म्हणून मला इचारतीस? त्यासाठी कोश कशाला लागतोय गं? कुत्रीसुद्धा पिलांना पोटाखाली घेती.

आता रीत ऐक, माझ्या भावाला, नानासोलाबी वाचून दाखव. आपल्या घरात एका वक्ती सहा लेकरं रांगायची. ज्यानं त्यानं आपलंच उचललं, तर एखादं खाली रडत ऱ्हायचं आन् त्याच्या आईचं मन दुखायचं. म्हणून आपलं सोडून दुसऱ्याचं घ्यायचं, अशी ती रीत. हितं हाय कोण दुसरं? एकच लेकरू, तेबी गार पडतंय. रीत मायेसाठी केली, लेकरू मारायला न्हाई.

नानाला म्हणावं, ऊठ तिथनं, घरी जाऊन गोठा बघ. आन् ऋषीला म्हणावं, आत्या म्हणती, मुकाट सदरा काढ.

रागानं लिवलं, मनात काई न्हाई. पोरीच्या कपाळाला माझा अंगारा लाव.
तुझी आक्का

सांगली, १६ जानेवारी

ती. आक्कांना मंगलचा नमस्कार.

तुमचे पत्र बाकावरच मोठ्याने वाचले. शेजारची दोन माणसे हसली. हे डोक्याचा पटका सारखा करत बसले. मग म्हणाले, आक्का म्हणती ते खरं, पर मी घरी जात न्हाई. मी कपाळावर हात मारला. तर उठून त्यांनी बाकच उलटा फिरवला, खर्रकन्, सिस्टर धावत आल्या! काचेकडे पाठ करून बसले आणि भिंतीला सांगावे तसे म्हणाले, मला काय दिसत न्हाई, ज्याला जे करायचंय ते करावं.

ऋषीने सदरा काढला. अर्फा सिस्टरने पोर छातीवर ठेवली. तो श्वास घ्यायलाही भीत होता. थोड्या वेळाने त्याने नुसता अंगठा हलवून मला खूण केली, की पाय गरम झाले. मी दारातूनच रडले, खोकल्याच्या नावावर खपवले. भिंतीकडे तोंड करून हे सारखे विचारत होते, झोपली का? हुंकार देती का? त्याला म्हणावं, मान धर.

पोरीला उराशी बांधायचा कपडा ऋषीच्या छातीला पुरेना. मी ओरडून सांगितले, तर यांनी मागे न बघता डोक्याचा पटका सोडला आणि हात पाठीमागे करून धरला. सिस्टरने तो आधी उकळून, इस्त्री करून घेतला. तेव्हापासून पोर बापाच्या उराशी त्यातच आहे. वजन उतरायचे थांबले. काल तर थोडे वर सरकले.

आता नवा वैताग. उघड्या डोक्याने गावात कसा जाऊ म्हणून हे तिथून हलत नाहीत, आणि नवा घ्या म्हटले तर दुकानातला डोक्यावर बसत नाही म्हणतात. दाजींचा एखादा जुना पटका तुमच्या पेटीत असेल, तर तो पाठवता का, तेवढे उलट टपाली कळवा.

तुमची मंगल