राखणीच्या कुत्र्यास माणसाची गोळी दिल्याबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
औषध प्रशासन कार्यालय, नाशिक.

अर्जदार : समाधान सहादू दरेकर, कांदा उत्पादक, लासलगावजवळील वस्ती.

विषय : माणसाच्या गोळ्या कुत्र्यासाठी देणाऱ्या औषध दुकानदारावर कारवाई होणे व एक पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : पशुवैद्यकांचा दि. ७ एप्रिल २०२५ चा दाखला.

महोदय,

१. अर्जदाराने हा अर्ज तीनदा लिहून फाडला. त्या तिन्हींत शिव्या होत्या.

२. कांदेकाढणीत अर्जदाराच्या शेतावर बायांना सकाळच्या चहाबरोबर अंगदुखीची एकेक गोळी देण्याची पद्धत आहे. चांगली की वाईट, तो विषय वेगळा. वाटप अर्जदाराची आई चतुराबाई, वय ७१, करते. राखणीचा कुत्रा भुऱ्या ट्रॅक्टरखाली पाय सापडून लंगडू लागला. तोही कामावरचाच, त्यालाही गोळी द्यावी, असे आईच्या मनात आले. तरी तिने आधी अर्जदाराला दुकानात विचारायला पाठवले.

३. दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "माणसाला चालती, मग कुत्र्याला काय व्हतंय? दे एक." कुत्रा चौदा किलोचा, दुकानदार नव्वदच्या पुढचा. दोघांना एकच माप ज्या पुस्तकात छापले असेल, ते पुस्तक जप्त करावे. निरोप मात्र अर्जदारानेच घरी नेला.

४. आईने चार दिवस गोळी गुळात घालून चारली. पाचव्या दिवशी भुऱ्याला रक्ताची उलटी व डांबरासारखा जुलाब झाला. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला ही गोळी सोसत नाही; पोटात जखमा झाल्या, किडन्या निकामी झाल्या. सलाइन लावूनही तो दुपारी गेला. जाब विचारला तर दुकानदार म्हणतो, "कुत्रंच व्हतं ना?" तेव्हा अर्जदाराचा हात उठला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. लोकांनी धरला.

५. सबब, परवाना रद्द करावा. ते जमत नसेल तर "माणसाची गोळी कुत्र्याला विष" अशी पाटी दुकानदाराने स्वतः रंगवून लावावी आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला उभे राहून, मोठ्याने वाचून दाखवावी.

६. आईने चहा वाटणे सोडले आहे. "माझ्या हातानं मेला त्यो," एवढेच म्हणते आणि स्वतःची रक्तदाबाचीही गोळी थुंकून टाकते. तिला समजावून घरचे थकले. तरी चूक तिची नव्हती, तिने विचारूनच दिली, असे पत्र आपल्या सहीने मिळावे. दोष दुकानदाराचा लिहिता येत नसेल तर अर्जदाराचा लिहावा. फक्त गोल शिक्का ठळक मारावा. आईला वाचता येत नाही, शिक्का तेवढा खरा वाटतो.

नम्र राहण्याचा प्रयत्न करणारा,
समाधान सहादू दरेकर
दि. ११ एप्रिल २०२५

सोबत : १) दाखल्याची प्रत २) गोळ्यांची स्ट्रिप, चार कप्पे रिकामे.