तडतड थांबेपर्यंत

दादा,

"तडतड थांबेपर्यंत तेल तापव गं बाई, पाण्याचा थेंब राहिला तर डिझेलचा साबण होईल," असं बाबा म्हणायचे. सकाळपासून तोच आवाज कानात आहे.

मी मावशीकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय. निळ्या कॅनमधलं डिझेल मी खानावळीच्या जुन्या तेलाचं केलंय. बाटलीत पाण्याबरोबर हलवून पाहिलं. खाली पाणी नितळ, वर मधाच्या रंगाचा थर, मध्ये साबणाचा फेस अजिबात नाही. बिनधास्त गाडीत घाल.

बाबांना दवाखान्यात नेताना गाडी बंद पडली, ते वाटेतच गेले. फिल्टरमध्ये साबण निघाला, आणि वर्षभर तू "माझ्याच हातचं डिझेल" म्हणत स्वतःला कुरतडतोयस. पण तेल तापवायचं काम माझं होतं, दादा. तडतड चालू असतानाच मी शेगडी बंद केली आणि तुला म्हटलं, "झालं, घे."

— चिमणी