माणसाएवढी भेग

३ मार्च
आलो बाई एकदाच्या! मी, धाकटी, सहा पेट्या आणि नकाशांच्या गुंडाळ्या. उपनगरातल्या या चर्चला शंभर वर्षं होताहेत. त्याचा इतिहास लिहायचा आणि इमारतीचे नकाशे काढायचे, असं माझं दोन महिन्यांचं काम. राहायला आवारातच दोन खोल्या आहेत, आणि फादरांनी स्वतः खाटा लावून दिल्या. आवाज घुमतो का ते बघायला धाकटी आत जाऊन चक्क गायली! आई गेल्यापासून तिला मीच सांभाळलंय, पण तिचं गाणं ऐकून वर्ष झालं होतं. फार बरं वाटलं.

७ मार्च
इमारत म्हणजे ठिगळांचं काम, पण ठिगळ लावणारे हात कसबी. आधी लाकडी छपराचं साधं लांब सभागृह. मग मनोरा, मग डावीकडची कमानींची ओळ, मग पुढची ओसरी, शेवटी मागची खोली. नवी भिंत जुनीपासून कधी ना कधी सुटतेच, असा माझा अनुभव. इथे चारही सांध्यांत सुरीचं पातं शिरत नाही. फक्त यंदा बांधलेल्या उजव्या दालनात, सांध्यावर, माणसाएवढी उंच भेग आहे. ते दालन बांधणारे इथले गवंडीकाका म्हणाले, अजून माप घातलेलं नाही ना, म्हणून.

१० मार्च
हे माप म्हणजे भलतंच गमतीदार प्रकरण निघालं. प्रत्येक नव्या सांध्यात एका माणसाच्या उंचीची सुतळी चिणतात. इथलं कुणी तयार होत नाही, म्हणून बाहेरचं माणूस लागतं. धाकटी हौसेने उभी राहिली. डोक्याशी सुतळी गवंडीकाकांनी धरली, पायाशी टोक मी. त्यांनी ढिली धरली होती, मी ताणून घ्यायला लावली. मोजमापात ढिसाळपणा मला खपत नाही. पाच फूट दोन इंच.

१५ मार्च
दफनाची नोंदवही वाचली. कारकून अगदीच धांदरट! बाई, वय चौतीस, पेटीची लांबी पाच इंच. पुरुष, वय एक्केचाळीस, पेटी सहा इंच. अशा चार चुका, नेमक्या चार बांधकामांच्या वर्षांतल्या. माझ्या मसुद्यात मी इंचाचे फूट करून टाकले.

२१ मार्च
धाकटीचा झगा जमिनीवर लोळतोय. कापड सैल पडलं असेल म्हणाली. मी तिला भिंतीशी उभं करून मोजलं. चार फूट आठ. टेप बदलून पुन्हा मोजलं, तेवढंच. मग धावत जाऊन भेग मोजली. वरून बुजत आली आहे, आणि उरलीय चार फूट आठ. नोंदवहीतले ते इंच इंचच होते. मी दुरुस्त केले, मी शहाणीने!

२४ मार्च
फादरांवर ओरडले. त्यांनी शांतपणे खुर्ची पुढे केली. चार माणसांनी शंभर वर्षं छप्पर तोललंय, दर रविवारी आम्ही त्यांची आठवण काढतो, म्हणाले. हिला घेऊन निघून जाते म्हटलं, तर गवंडीकाका म्हणाले, कुठेही न्या, माप भिंतीत आहे. सुतळी उपसली तर माणूस तिथेच संपतं. बदलता मात्र येते. सख्ख्या नात्यातल्या कुणीतरी आपलं माप द्यायचं, टोक पहिल्या माणसाने धरायचं. मग ते माणूस होतं तसं होतं, भेग पूर्ण उघडते, आणि दुसऱ्यापासून पुन्हा सुरू.
मी लगेच हो म्हणाले. उद्या सकाळी.

२५ मार्च
डोकं दुखत होतं. उद्या नक्की.

२७ मार्च
चार फूट. तिला सांगितलं की उपाय शोधतेय. आधी नकाशे तरी हातावेगळे करायला हवेत. खरं म्हणजे माझी छातीच होत नाही. लाज वाटते, पण होत नाही.

३० मार्च
साडेतीन. तिला उचलून खुर्चीत बसवावं लागलं. बसल्यावर तिने गवंडीकाकांचं सगळं बोलणं मला जसंच्या तसं ऐकवलं. फादरांनी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. सहा दिवस ती माझी वाट बघत होती.

१ एप्रिल
दुपारी डोळा लागला. जाग आली तर उशाशी गवंडीकाका, पायाशी धाकटी. अंगावर सुतळी. हलू नकोस, माप चुकेल, म्हणाली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही तिने —

९ एप्रिल
ती पुन्हा पाच दोन. काय भूक लागते तिला! दिवसभर गाते. मी चार फूट एक.

१६ एप्रिल
टेबल उंच झालंय. जमिनीवर लिहिते. तिने माझे कपडे वाटून टाकले. रडले, तर म्हणाली, तुला आता होणार होते का ते. चिडू कशी? ते सहा दिवस —

२१ एप्रिल
इतिहास तीच पुरा करतेय. माझं नाव घालशील ना, विचारलं. नाव घालायची पद्धत नाही म्हणे. पेन झेपत नाही. पेन्सिलीच्या शिसाचा तुकडा —

२४ एप्रिल
ओंजळीत घालून मला दालनात आणलं तिने. ऊन छान आलंय. काम सुंदर झालंय, खोटं कशाला बोलू. विटेला वीट. सांधा कुठे — फक्त खाली, फरशीपाशी, वीतभर —
धाकटी गुडघ्यांवर बसून बघतेय. घाई नाही म्हणते —
आता चार बोटं —