शिंपल्याचे दागिने हिच्यासमोरच राहावेत

मी, धंद्याने घड्याळे दुरुस्त करणारा, वय झाले असले तरी डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. पूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

राहते घर पत्नीला, तिच्या हयातीपर्यंत, पुढे मुलीला. पत्नीला हल्ली माणसे ओळखू येत नाहीत, म्हणून कारभार मुलीने पाहावा. माझी हत्यारे शेजारच्या चष्मेवाल्याला द्यावीत. उसनी नेलेली वस्तू परत आणून देणारा या गल्लीत तो एकटाच.

आता मोत्याच्या शिंपल्याचे जुने दागिने. कानातली, कंगवे, कोरीव पानांचा हार, सगळे पत्नीने जन्मभर हौसेने जमवले. हलवले की गुलाबीचे हिरवे होते, त्यावर कोणीही भाळतो. खरा शौकीन मात्र आधी उलटून पाठ बघतो, कारण कारागिराच्या हाताच्या खुणा तिथे राहतात. असेच एक गृहस्थ पूर्ण संचासाठी आमच्या घरी खेटे घालतात. त्यांना दिलेला नकार माझ्यानंतरही कायम समजावा.

मुलाने तो हार गुपचूप त्यांनाच विकला आणि जागी हुबेहूब प्लास्टिकचा ठेवला. वर मलाच म्हणतो, "आईला काय कळतंय आता?" हिने सवयीने हार ओठाला लावला. खरा शिंपला ओठाला गार लागतो. "हा माझा नाही, माझा कुठंय?" म्हणत ती दिवसभर कपाटे उपसत राहिली. पोटच्या पोराचे नाव विसरलेली बाई! माझ्या काळजाचे पाणी पाणी झाले. मुलाला तो प्लास्टिकचा हार द्यावा, दुसरे काही नाही. माझा राग गेलेला नाही आणि जाण्याची चिन्हेही नाहीत.

उरलेले दागिने मुलीला, पण आई आहे तोवर विकायचे नाहीत. रोज दुपारी मऊ कापडावर तिच्यासमोर मांडायचे. ती "तुम्ही कोण?" असे विचारील. वाईट वाटून घेऊ नये. मी "दागिने बघायला आलोय" म्हणतो, मग ती स्वतः खुर्ची पुढे करते.

कधी दागिने दाखवता दाखवता ती थांबते आणि मलाच विचारते, "आमचे हे कुठे गेलेत हो?" मी समोर बसून सांगतो, "दुकानात आहेत, येतील एवढ्यात." मुली, तूही तेच सांग.

सही: घड्याळवाला, हिचा नवरा

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. घरी येणारे डॉक्टर
२. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: आजचा, डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने घातलेला