तुम्ही वाटून टाकलेल्या सुट्ट्या

आप्पा, गेल्या आठवड्यात तुमच्या युनिटमधले एक मित्र घरी येऊन गेले. साताऱ्याकडचे. नातीला ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला घातलंय, तिला हॉस्टेलवर सोडायला आले होते. आपल्या गावात जाऊन विचारत विचारत मोशीला आमच्या दारात उभे राहिले. मी आधी साखळी लावूनच दार उघडलं. म्हटलं, कोण हा म्हातारा, हल्ली फौजेचं नाव सांगून कोणीही येतं. तुम्ही कुठल्या गावचे, तुमच्या छातीवर कसला डाग होता, सगळं विचारून घेतलं आणि मगच आत घेतलं. त्यांना राग आला नाही. हसले आणि म्हणाले, "त्याचीच पोरगी तू, आता पटलं."

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा हा वारसा मी अगदी नीट सांभाळलाय. चाकणच्या एका कंपनीत मी येणारा माल तपासते. बाहेरून सुटे भाग येतात, ते बरोबर आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. माल पाठवणारे मला टरकून असतात. माप तपासायच्या गेजवर चढल्याशिवाय मी काही पास करत नाही, कोणी कितीही "मॅडम, आपलाच माल आहे" म्हणो. तुमचे जावई म्हणतात, हिला चहात साखर घातली असं सांगून उपयोग नाही, ही चमच्याने ढवळून खात्री करणार. म्हणू देत. मी काय करू, मला हे शिकवलं कोणी?

भोसरीतली संध्याकाळ आठवते तुम्हाला? तुम्ही पेन्शनीत येऊन कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला होता आणि मी डिप्लोमा करून त्याच कंपनीत ट्रेनी. माझा पहिला दिवस. शिफ्ट सुटली, बाहेर पडणाऱ्यांची रांग लागलेली, आणि तुम्ही माझ्यासमोर हात आडवा धरता. "डबा उघड." मी हळूच म्हणते, "आप्पा, मी आहे." तुम्ही माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. "गेटवर आप्पा नाही. डबा उघड." मागची पोरं खुसुखुसु हसतायत. डब्यात उरलेली भेंडी आणि अर्धी भाकरी. तुम्ही भाकरीची घडी उलगडून बघितलीत हो! घरी येऊन मी रडरड रडले. तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "आज तुझा उघडला म्हणून उद्या दुसऱ्याचा उघडताना माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही." तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. आता मी तेच करते, आणि कोणी रडलं तरी मला फरक पडत नाही.

असो. तर ते काका सोफ्यावर बसले, चहा घेतला, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "ताई, तुझ्या बापानं मला दिवाळी दिली. येकदा न्हवं, किती येळा. दिवाळीला समद्यांना सुट्टी मिळायची न्हाई, कोनीतरी मागं ऱ्हायाचंच. माझं लगीन नवं. ह्याची सुट्टी मंजूर झाल्याली, तर हा साहेबाकडं जाऊन म्हनायचा, माझ्या जागी ह्याला सोडा. मला म्हनायचा, जा तू, घरी वाट बघत असतील. माझं काय, मी जाईन होळीला. असा मानूस पुन्यांदा बघितला न्हाई मी."

जावई गहिवरले. शेजारच्या वहिनी आल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. सगळे म्हणाले, केवढं मोठं मन. आणि मी? मी मनातल्या मनात जुनी पत्रं मोजायला लागले, आप्पा. कारण दर दिवाळीला आपल्याकडे तुमचं पत्र यायचं, 'सुट्टी मंजूर झाली नाही, नाइलाज आहे.' आई ते वाचून घडी करून ठेवायची आणि आम्हाला म्हणायची, "सरकारचं काम हाय बाबांनो, त्याला कोन काय करनार." मी सरकारवर चिडायचे. अहो, लहानपणभर मी त्या सरकारला शिव्या घातल्या! आणि सुट्टी तर मंजूर झालेली होती. तुम्ही ती उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकत होता. तुमचं मन मोठं होतं, पण ती दिवाळी आमची होती ना?

मग मनात एकेक गोष्ट उठायला लागली. शंका एकदा घरात शिरली की कोपरान्‌कोपरा धुंडाळते. तुम्हाला आठवतंय, आपल्या वस्तीवर एक चुलत आजी होत्या, कांद्याच्या शेतात बसून भर दुपारी म्हणाल्या होत्या, "फौजीचं काय बाई, तिकडंबी येक संसार असतोय." मी तिथेच कांदे भरत होते, लहान होते, पण मला ते नीट कळलं. त्याच वर्षी तुम्ही माझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत. पायात घातले तर अगदी मापात बसले. सगळ्यांना कौतुक, आणि मला रात्रभर झोप नाही. तुम्ही मला कितीतरी महिने बघितलेलं नाही, मग माझ्या पायाचं माप तुम्हाला कळलं कसं? तिकडे माझ्याच वयाची कोणी मुलगी आहे! आईला विचारलं तर ती हसून हसून लोळली. म्हणाली, "अगं बये, कागदावर तुझा पाय ठिवून मीच पेन्सिल फिरवली न् पत्रात घालून धाडलं की." मला काही ते आठवेना. मी तिला पुन्हा कागद आणायला लावला, पाय ठेवला, रेघ मारून घेतली आणि बुटाच्या तळव्याशी लावून बघितली. जुळली. तरी थोडी शंका राहिलीच.

तर काका गेले आणि मी आईवर, ती हल्ली आमच्याकडेच असते, नजर ठेवायला लागले. कारण ते बोलत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. ज्या बाईच्या नवऱ्याने दिवाळ्या वाटून टाकल्या, ती बाई हे ऐकून नुसतं "चा निवतोय, घ्या" म्हणते? हिला माहीत होतं. मी काही बोलले नाही. तीही ताकास तूर लागू देईना. दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींना भाजी वाढत होतो आणि एकमेकींना जोखत होतो. तिसऱ्या दिवशी मेथी निवडायला बसलो तेव्हा मी सरळच विचारलं.

"आई, तुला आप्पांचं माहीत होतं."

"व्हय. म्हाईत व्हतं."

"कधीपासून?"

"पेन्शनीत आल्यावर. त्यांनीच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं न्हाईस."

"अगं, मला काय स्वप्न पडणार होतं? आणि ते का असं करायचे? तिकडे कोणी होतं का? खरं सांग, मी आता लहान नाही."

तिने मेथीची काडी माझ्या अंगावर फेकली. "लाज वाटंना का तुला? त्यांना तिकडं ढेकूण न् थंडीशिवाय कोन व्हतं?" मग तिने मेथीची दुसरी जुडी सोडली. मला वाटलं, आता विषय बदलणार. पण ती बोलली.

ती म्हणाली, तुम्ही सुट्टीवर आलात की पेटी खांद्यावरून उतरायच्या आत सगळे एकच विचारायचे. शेजारी, भाऊबंद, दुकानदार, आणि तीसुद्धा. कधी आलात? किती दिवसांची सुट्टी? "त्यांच्या मनानं घेतलं की आपुन आल्याचं कुनाला काय न्हाई, समद्यांना आपल्या जायाची तारीख पायजे. तुझा बाप कसला संशयी, तुला म्हाईत हाय. पेन्शनीत आल्यावर येकदा जेवताना म्हनले, मला सांग, मी ह्या घरचा व्हतो का पावना? दारातच इचारायचीस, किती दिस हाय म्हनून. मग वाटायचं, ज्याची घरी खरंच वाट बघत्यात त्यानं जावं."

मी हातातली जुडी खाली ठेवली. "आणि तू का विचारायचीस?"

"मला ठरवाया लागायचं गं. ते नसताना घरात काय काय झाल्यालं असायचं. बैल गेला, दिरानं बांध कोरला. वाईट बातमी पयल्या दिशी सांगायची न्हाई, मानूस दमून आल्यालं असतं. शेवटच्या दिशी तर न्हाईच, ते डोक्यात घिऊन बंदुकीपाशी उभं ऱ्हानार. मधला दिस बघायचा. किती दिसाची सुट्टी ते कळल्याबगर मधला दिस कंचा, मला कसं कळावं? तुझ्या पाठचं बाळ गेलं, ते बी मी त्यांना तसंच सांगितलं."

ती सुट्टी मला आठवते, आप्पा. तुम्ही विहिरीच्या काठावर बसून सबंध दुपार बूट घासत होता. मी जवळ आले तर म्हणालात, जा, खेळ. मला वाटलं, आप्पा माझ्यावर रागावलेत.

मी विचारलं, "हे तू त्यांना सांगितलंस? का विचारायचीस ते?"

"सांगितलं की. त्याच येळी."

"मग?"

"मग काय. जेवले, आन् उठून माझी भांडी घासाया बसले. तवापासून रोज घासायचे, बघितलंयस की तू."

बघितलंय ना. पण इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण माझ्या आठवणीत तुम्ही पेन्शनीत आलात त्या पहिल्या संध्याकाळपासून भांडी घासत होता. पेटी अजून ओसरीवरच होती, आणि तुम्ही राखेने तवा घासत बसला होता. शेजारच्या बायका कुंपणावरून बघून हसत होत्या. म्हणजे आईचं हे बोलणं त्याच्या आधी झालं असणं शक्य नाही. मग ती भांडी त्या बोलण्यामुळे कशी? आणि एवढं सगळं ती न अडखळता कसं बोलली? मी विचारलं तेव्हा सगळं तयारच होतं? ही बाई आयुष्यभर कोणाला काय कधी सांगायचं ते ठरवत आली. मुलीला बापाबद्दल काय कळावं, हेही तिने ठरवलं नसेल कशावरून?

मला तुमचा भयंकर राग येतो, आप्पा. एक शब्द विचारायचा होतात. "का विचारतेस?" एवढंच. गेटवर परक्यांच्या भाकरीच्या घड्या उलगडून बघायचात, आणि घरातल्या एका प्रश्नाच्या आत काय आहे ते उघडून बघावंसं वाटलं नाही तुम्हाला? आम्ही दारात उभं राहून किती दिवस आहात म्हणून विचारायचो, तेव्हा जास्तीत जास्त मोठा आकडा ऐकायचा असायचा हो आम्हाला! हे सगळं खरं असेल तर. आणि खरं नसेल, तर मग तुम्ही घरी का येत नव्हता, हा प्रश्न आहे तिथेच आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला तुम्ही नाही.

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही. आईला तर मुळीच नाही. इतकं सांगूनही मी तिची झडती घेत बसले, हे तिला कळेल. कागद मी घडी करून पुन्हा उघडला, एवढ्यासाठी की एक सांगायचं राहिलं. खात्री करून घेणं सोपं होतं. त्या काकांचा नंबर माझ्याकडे होता. तुम्ही त्यांच्याजवळ कधी असं काही बोलला होता का, घरी आपली वाट बघत नाहीत म्हणून, एवढं एका फोनवर कळलं असतं. काल जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या आवारात झाडाखाली उभी राहून त्यांना फोन लावला. दोनदा रिंग झाली आणि मी कट केला. मग त्यांचा नंबरच काढून टाकला. उलटा फोन आला तो घेतला नाही. घाबरले मी, आप्पा. ते "नाही ताई, असं काही कधी म्हणाला नाही" म्हणाले असते तर?