टायवाली पोर नि मंगळवारच्या बाई

निडी, ११ नोव्हेंबर २०२५

चि. नितेशला आशीर्वाद. खुशाली खाली लिहीन, आधी रागाचं घे.

फोनवर 'बघू ताई' म्हणतोस नि ठेवून देतोस. किती बघणार हायस? निशिगंधा दुसरीत गेली, अजून बोबडं बोलते, नि तू नि पिंकी, दोघं नवराबायको, ती लाजाळू हाय म्हणून सांगत फिरता. लाजाळू नाय ती, तिला ऐकू कमी येतं. मी डॉक्टर नाय, चौथी शिकलेली बाई, मराठी शाळेत खिचडी शिजवते. पण दिवाळीला तुमच्या शाळेला आधी सुट्टी लागली, तेव्हा पोर रोज माझ्यासोबत यायची. खिचडी झाली की मी टोपाच्या झाकणावर पळी आपटते. सगळी पोरं धावतात. ही पाठ करून चित्र काढत बसलेली. बाकीची धावताना दिसली की मग उठायची.

मंगळवारी आमच्याकडे सरकारच्या विशेष शिक्षिका येतात, अशाच पोरांना शिकवायला. त्यांनी तेव्हा तिला जरा खेळवलं नि म्हणाल्या, कानाला मशीन लागेल, आत्ता लागलं तर बोलणं सुधारेल. २८ तारखेला पेणला शिबिर हाय, मशीन फुकट. आज मी म्हटलं, नाव लिहा. त्यांनी शाळा विचारली. तुमची सांगितली तर पेन खाली ठेवलं. खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या पोरांसाठी त्यांच्याकडे पैसाच येत नाय म्हणे. मशीन नाय, शिकवणारी बाई नाय. मी भांडले. साबणावर कर घेताना सरकार विचारतं का, अंघोळ करणारी पोर कुठल्या शाळेतली? बाई बिचाऱ्या म्हणाल्या, नियम मी केलेला नाय.

तेव्हा पोरीला तिथून काढ नि इथे घाल. माझ्याकडे राहील. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या कांद्याच्या गोणी उतरवून ठेवल्यात.

गुडघे दुखतात, बाकी बरं. पिंकीला सांग, तिच्यावर राग नाय, म्हणजे अर्धाच हाय. पत्र शेजारच्या जगनच्या हाती देते, तो तुझ्याच शिफ्टला. माया हाय म्हणून ओरडते, एवढं धरून वाच.

तुझी शांतीताई


डोलवी, १५ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

ताई गो, जगनने तुझं पत्र कँटीनमध्ये सगळ्यांसमोर दिलं. या वयात कोणाचं प्रेमपत्र, म्हणून अजून चिडवतायत.

डबल शिफ्ट चालू आहे. तरी झोप मोडून शाळेत जाऊन आलो. मॅडम चांगल्या बोलल्या, तिला पहिल्या बाकावर बसवू म्हणाल्या. पण तशी शिक्षिका त्यांच्याकडे नाही, त्यासाठी सरकार त्यांना काही देत नाही, आणि मदतनीस हवी तर पालकांनी आणावी. विकतचं मशीन आम्हाला इतक्यात जमणार नाही.

पण काढू कशी? आपल्या घरात टाय घालून शाळेत गेलेली ती पहिली. बस दारात येते. खिडकीतून ती हात हलवते तेव्हा पिंकीचा दिवस चांगला जातो. मराठी शाळेत घातलं तर चाळीतले विचारतील, नितेशची नोकरी गेली काय. फक्त मंगळवारी पाठवली तर चालेल का, बाईंना विचार.

आणि एक लिहितो, रागावू नको. जगन म्हणाला, तुमच्या शाळेचा पट घसरलाय. आणखी घसरला तर शाळा बंद, मग तुझी खिचडीही बंद. पिंकी म्हणाली, ताईंना निशिगंधा हवी की पटावर एक नाव? मी तिला गप्प केलं. पण डोक्यातून जात नाही.

वेळेवर जेवत जा. आमच्यावरचा हात काढू नको.

तुझा नितेश


निडी, १८ नोव्हेंबर २०२५

चि. नितेश आणि चि. पिंकी, आशीर्वाद दोघांनाही. हे दोघांनी एकत्र बसून वाचा.

पिंकीने विचारलं ते बरं केलं. व्हय, पट घसरलाय. शाळा गेली तर माझी चूल गेली. पोर इथे आली असती तर चूलही राहिली असती नि घरात बोलायला माणूसही मिळालं असतं. दोन्ही हवं होतं मला. त्यात लपवायचं काय?

मंगळवारपुरतं चालत नाय. पटावर नाव लागतं. विचारलं मी.

मग बाईंना दुसरं विचारलं. तुमच्या चाळीमागच्या मराठी शाळेत अशाच एक बाई गुरुवारी येतात. तिथे घाला. पोर तुमच्याजवळ, नाव तिथल्या पटावर, शिबिर तेच. माझ्या टोपात मूठभर तांदूळ वाढणार नाय. कांद्याच्या गोणी मी परत खाटेवर ठेवल्या.

टाय तिथेही घालू दे तिला, कोण अडवतं? चाळीतल्यांना सांगा, नणंद हट्टाला पेटली, आमचं काय चालेना. खापर माझ्यावर फोडा. मला सवय हाय.

पिंकी, तुला एक काम सांगते. बस येईल तेव्हा निशिगंधा पाठमोरी असताना तिला हाक मार. ओरडून नको, रोजच्यासारखी. एकदाच. मग चाळीतल्यांचं काय ते तू ठरव.

मी थकले रे आता, भांडायलाही दम लागतो. जीव तुमच्यातच अडकलाय म्हणून एवढं लिहिलं.

जुन्या शाळेचा दाखला काढायला दिवस जातात, नि २८च्या आत नाव चढायला पाहिजे. शनिवारी, २२ तारखेला, जगन घरी येईल तेव्हा त्याच्या खिशात उत्तर पाहिजे. हो किंवा नाय. 'बघू' लिहिलंत तर रविवारी पहिल्या गाडीने मी तुमच्या दारात.

शांतीताई