वाट अडवणारी आकृती

सोमवार, ता. ४
देवाचं नाव घेऊन आज गृहसजावटीच्या ऑनलाइन वर्गाला बसले. मॅट्रिकनंतर पहिल्यांदाच विद्यार्थिनी. लेकीने फोन डब्याला टेकवून दिला. सासूबाईंनी विचारलं, आता घर सजवणार की सांभाळणार? मलाही हसू आलं. पहिला गृहपाठ, एका खोलीचा नकाशा काढायचा आणि मापाचा अंदाज यावा म्हणून त्यात माणसं दाखवायची. मनातली खोली कशाला, आपलंच स्वयंपाकघर काढलं, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर. ओट्याशी मी, खिडकीजवळ खुर्चीत सासूबाई, कोपऱ्यात फडताळ, त्याशेजारी देव्हारा. फोटो पाठवला.

बुधवार, ता. ६
शिक्षकांचा चेहरा दिसत नाही, शेरा तेवढा येतो. फडताळ नको, काढा. दुरुस्ती केल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. भाजी चिरता चिरता खोडलं. शेरा आला, शाबास. लग्न होऊन आल्यापासून हा शब्द मला कुणी म्हटला नव्हता.
संध्याकाळी फडताळ जागेवर नाही. डबे जमिनीवर रांगेने. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, आपल्याकडे फडताळ होतंच कधी? भिंतीशी खोडरबराचा भुगा पडला होता. झाडून घेतला.

शनिवार, ता. ९
गृहपाठ, धुणं, सासूबाईंचं पथ्य, एकाला हात लावावा तर दुसरं राहतं. नवा शेरा, खुर्ची वाट अडवते. खुर्ची खोडायची तर तिच्यात बसलेली आकृतीही खोडावी लागते. फडताळाचं मनात आलं. पण सकाळीच सासूबाईंनी मीठ कमी म्हणून ताट सरकवलं होतं. म्हटलं, कागदच तो. खोडलं. पुन्हा शाबास.

रविवार, ता. १०
सासूबाई नाहीत.
ह्यांना विचारलं. म्हणाले, मी आईविना वाढलो, हे काय आज कळलं तुला? लेकीला आजी आठवत नाही. खिडकीखाली भुगा.
त्यांना पुन्हा काढायला बसले. इतकी वर्षं समोर होत्या, पण चेहरा जमेना. कधी नीट पाहिलाच नव्हता. टोमणे तेवढे पाठ आहेत.

मंगळवार, ता. १२
वर्ग सोडते, असं कळवलं. उत्तर आलं, दुरुस्ती बाकी आहे. ओट्याशी उभी असलेली आकृती अनावश्यक. काढा.
काढणार नाही. कागद पिठाच्या डब्याखाली दडवला. जाळला असता, पण सगळं घर आहे त्यात — देव आहे —

बुधवार
लेक म्हणाली, आई, किती दमतेस, तुझी दुरुस्ती मीच करून टाकते. मायेने म्हणाली. डब्याखालचा कागद तिला सापडला आहे — बाहेरच्या खोलीत रबर घासल्याचा आवाज — उठवत नाही. पाय आधी — पदरावर भुगा —
तिने आई म्हणून हाक मारली. मी ओ दिली. ऐकू गेली नाही बहुतेक.
आता ती ह्यांना विचारते आहे, ओट्याशी ही बाई कुणी काढ—